डावीकडची बटणं
लिफ्टवाल्याने एखाद्याला एकदा खोटारडा म्हटलं की म्हटलं. दिवसभर लिफ्टची बटणं दुरुस्त करायची आणि सुटीला कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, एवढंच त्याचं जग. जुना कीबोर्ड मोडला, म्हणून तो नवा, टकटक वाजणाऱ्या बटणांचा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायला गेला.

दुकानवाली म्हणाली, "यावर कितीही बटणं एकदम दाबा, सगळी लागतात. पूर्वीच्या स्वस्त कीबोर्डवर दोघं खेळायला बसले, की एकाची लागायचीच नाहीत."

"म्हणजे दुसऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसायचं?"

"छे हो. कीबोर्डच तसे होते."

लहानपणी दादा आणि तो एकाच कीबोर्डवर कुस्तीचा गेम खेळायचे; दादा डावीकडे, हा उजवीकडे. ऐन वेळी याचा पैलवान जागचा हलायचा नाही. दादा लबाडी करतो म्हणून याने त्याच्याशी बोलणं टाकलं. दादा गळ्याची शपथ घेऊन सांगत राहिला. त्याच महिन्यात तापाने दादा गेला. अबोला तेवढा राहिला.

घरी येऊन त्याने तोच गेम लावला. दोन्ही हातांनी दोघांची बटणं एकदम दाबली. टकटक वाजली आणि दोन्ही पैलवान हलले. मग त्याने डावा हात मांडीवर घेतला. दादाचा पैलवान समोर नुसता उभा राहिला.

"दादा, आधी तू मार," तो म्हणाला, आणि खुर्चीत उजवीकडे सरकून डावीकडून टकटक येते का, म्हणून कान लावून बसला.