सुटकेचा नारळ

मारहाणीच्या खटल्यातून धाकट्या बहिणीचा नवरा पुराव्याअभावी सुटला आणि आज कोर्टाने तिचा संरक्षण आदेशही उठवला. आम्ही दोघी बाहेर आलो, तर समोरच्या देवळापाशी तो नारळ घेऊन उभा होता.

"ताई, आता तुमच्या दारात यायला मला बंदी नाही," तो मला म्हणाला.

मग तिच्याकडेच बघत त्याने नारळ डोक्यावर उचलून पायरीवर आपटला. करवंटीचे तुकडे आमच्या पायांपर्यंत उडाले. आनंद इतका हिंस्र असतो?

नारळ फुटायच्या आधीच, त्याचा हात वर जाताच, बहिणीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. मार कोर्टात सिद्ध करावा लागतो. अंगाला तो पाठ असतो.

तिने हात सावकाश खाली घेतले. "चल ताई, वकीलबाई अजून आतच असतील."