राहीचे कान

कुणी बाहेरची बाधा वगैरे म्हणालं की मी त्याला आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगते. नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं रक्त काढतेय, माझा विश्वास फक्त रिपोर्टवर. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी होता...

मे महिन्यात आठ वर्षांच्या राहीला घेऊन माहेरी सायखेड्याला गेले होते. भर दुपारी पोरगी दिसेना. तासभर गाव पालथं घातलं, पार गोदावरीच्या काठापर्यंत धावलो. शेवटी वहिनी ओरडली, "ताई, हितं हाय! कांद्याच्या चाळीत बसलीय." ती चाळ आम्ही दोनदा बघितली होती. रिकामी होती.

माझी राही म्हणजे तोंडाचा पट्टा, झोपेतसुद्धा बडबडणारी. ही विचारल्याशिवाय बोलेना. कारल्याची भाजी निमूट खाल्ली. "लय भेदरलीय पोर," वहिनी म्हणाली. मलाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना पाहिलं, तर कानात रिंगा नव्हत्या. रिंगा पडतात हो... पण भोकंच नव्हती!

बारशाच्या वेळी ज्यांनी तिचे कान टोचले, त्याच सोनारकाकांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "ताई, हे कान कधी टोचलेलेच नाहीत."

घरी नवरा म्हणाला, "डीएनए करून टाकू. तुझ्याच लाइनचं काम आहे."

मी भडकले. "आणि नाही जुळलं तर? हिला कुठे नेऊन सोडायची?"

आयुष्यात पहिल्यांदा मला रिपोर्ट नको होता. मी तिला परत सोनारकाकांकडे नेलं, म्हटलं, टोचा. ती रडली नाही, फक्त माझी ओढणी घट्ट धरून बसली. आमचं भांडण तिने ऐकलं असावं, कारण येताना रिक्षात हळूच म्हणाली, "आई, ती आली तर मी कुठे झोपायचं?"

"माझ्या दुसऱ्या बाजूला," मी म्हटलं. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि ढसाढसा रडले. हिच्यावर माझा जीव आहे, खरंच आहे. पण मग ती कुठे असेल? कोण जेवू घालत असेल तिला?

कृपा करून मांत्रिकांचे पत्ते पाठवू नका. दर रविवारी सायखेड्याला जाते, चाळीत उभी राहून राहीला हाका मारते. ही वहिनीपाशी थांबते. मागच्या रविवारी मात्र हट्टाने आत आली, माझा हात धरला आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली —

"राहीऽऽ, ये ना गं! आई रडते."