शेजारचा आकडा

लातूरच्या दालमिलपाशी तुरीच्या भुशाचा वास आला की मला उदगीरचा आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. तो अशाच एका मिलच्या माडीवर होता. एका मशीनवर दोघं बसायचो. माझी जोडीदार शबाना.

त्या दिवशी फिबोनाचीच्या माळेतला लाखावा आकडा काढायचा होता. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा, म्हणून मी बेरजांवर बेरजा लावल्या. जुनं मशीन पार दमून गेलं.

"एकेक पायरी कशाला चढायलास?" शबाना हसली. "पन्नासाव्यावरून डायरेक शंभराव्यावर जाता येतंय. अशी दुप्पट उडी मारत जा."

"पन्नासावा एकटा पुरतो?"

"न्हाई रे. शेजारचा एक्कावन्नावा बी सोबत लागतो."

सतरा उड्यांत लाखावा आकडा पडद्यावर आला. जिना उतरताना तिनं विचारलं, "मी पुढं शिकायला नांदेडला चालले. येतोस का?"

"बघू," मी म्हणालो. मला एकट्यानंच मोठं व्हायचं होतं.

आता घराचं कुलूप सकाळी मीच लावतो, संध्याकाळी मीच काढतो. शबानाचं मी ऐकलं होतं, पण फक्त आकड्यांपुरतं.