अक्का पाणी मागायच्या

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी स्कॉटलंडमधल्या एका गावात बसमध्ये होते, घरभेटीला निघाले होते. त्यांच्या मुलाचा, दीपकचा, दोनच ओळींचा मेसेज... पहाटे झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. मी ठरलेल्या थांब्यावर उतरले, ठरलेल्या घरी गेले आणि तासभर नीट काम केलं. भेट ठरवून न जाणं अक्कांना मुळीच खपत नसे. रडले ती परतीच्या बसमध्ये, आणि चांगली रडले. समाजकार्याची पदवी घ्यायला मी एवढ्या लांब आले होते, पण हे काम मला आधी ज्यांनी शिकवलं त्या बाई धुळ्यात होत्या, आणि सातवीच्या पुढे शिकलेल्या नव्हत्या.

अमळनेरला पदवी घेऊन मी धुळ्याच्या एका लहान संस्थेत लागले, तेव्हा अक्का तिथे पंचवीस वर्षं घरोघर फिरत होत्या. आजारी माणसं, एकट्या बायका, कुणी विचारत नाही असे म्हातारे, असं आमचं काम. मी फॉर्म, फाईल, दोन पेनं अशी जय्यत तयारी करून निघायची. अक्कांच्या हातात एक कापडी पिशवी, बस्स. पहिल्याच आठवड्यात आम्ही नवऱ्याने टाकलेल्या एका बाईकडे गेलो. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली, कुणाशी बोलेना. मी फॉर्म काढणार तोच अक्का म्हणाल्या, "माय, पानी दे व जरासं." ती उठली, तांब्या घासला, पाणी आणलं, आणि अक्का पाणी पीत असताना आपण होऊन बोलायला लागली. बाहेर पडल्यावर मी विचारलं, तुम्हाला खरंच तहान लागली होती का? "आपन देवाले वनूत, आसं लोकेस्ले वाटस," अक्का म्हणाल्या, म्हणजे आपण काही द्यायला आलो असं लोकांना वाटतं. "तिले बी काही देऊ दे आधी." त्यानंतर मी प्रत्येक घरात पाणी मागू लागले. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो, तशातली गत.

स्कॉटलंडला जाताना मी हेच सोबत नेलं. तिथे पहिल्या सत्रात शिकवलं होतं की ज्यांच्या घरी कामासाठी जायचं त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. मला ते कोरडं वाटलं. प्लेसमेंटमध्ये, म्हणजे संस्थेतल्या प्रत्यक्ष कामात, माझ्याकडे जॉर्ज नावाचे एकटे राहणारे आजोबा आले. दोन भेटी झाल्या, हो-नाहीच्या पुढे गाडी जाईना. तिसऱ्या भेटीत मी मोठ्या शहाणपणाने म्हटलं, जरा पाणी मिळेल का? त्यांचा चेहरा खुलला, हे मला आजही आठवतं. ते स्वयंपाकघरात गेले. काच फुटल्याचा आवाज आला, मग ते पडल्याचा. मनगट मोडलं होतं. सुपरवायझरबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढची बैठक होईपर्यंत घरभेटी बंद, एवढंच त्यांनी सांगितलं. प्लेसमेंट बुडाली तर पदवी बुडणार होती, पदवीबरोबर व्हिसाही, आणि अमळनेरला माझ्या वडिलांनी, आबांनी, तर बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी अक्कांना फोन लावला. सगळं ऐकून त्या माझी बाजू घेतील आणि तिथल्या लोकांना माणुसकी नाही असं म्हणतील, अशी माझी खात्री होती. अक्का म्हणाल्या, "पानी मांगाना आधी तेना हात देखात का तू?"

"नाही, अक्का."

"मंग तू पानी नही मांगं, पाढा म्हना." म्हणजे मी पाणी मागितलंच नव्हतं, नुसता पाठ केलेला पाढा म्हटला होता.

मला राग आला. इतक्या वर्षांत त्यांनी हे सांगितलं नव्हतं, आणि आता तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतात... पण त्या पुढे म्हणाल्या, "मी बी एकदाव चुकेल शे, पोरी." अगदी सुरुवातीला त्यांनी एका बाळंतिणीकडे पाणी मागितलं होतं, ती उठली आणि घेरी येऊन उंबऱ्यावर पडली. तेव्हापासून त्या आधी हात बघत आणि मगच मागत. मी त्यांच्यासोबत शंभर घरं फिरले, त्यांचं मागणं ऐकलं, पण त्यांची नजर कुठे असते ते एकदाही पाहिलं नाही. बैठकीत मी नियमावर वाद घातला नाही. जॉर्ज यांचे हात कापत होते आणि मी ते पाहिले नाहीत, एवढं लिहून दिलं. मला प्लेसमेंट पुन्हा पहिल्यापासून करायला मिळाली.

पुढच्या मे महिन्यात मी धुळ्याला गेले, ती शेवटची भेट. अक्कांना कंपवात झाला होता. ओढणीच्या टोकासारखे त्यांचे हात हलत होते. मी शिकलेली होते ना आता! मी पाणी मागितलंच नाही. त्यांनी विचारलं, "आज पानी नही मांगं?" मी म्हटलं, तहान नाही. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, धुळ्यात! आणि त्या उठायला लागल्या तशी मीच पळत आत जाऊन दोघींसाठी पाणी आणलं. अक्कांनी पेला घेतला, प्यायल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मन्हा हात देखी लिधात ना? आते तोंड बी देख." मी हसून विषय बदलला. अर्धा पेला सांडत का होईना, त्यांना तो आणून द्यायचा होता. मला थांबून बसायला हवं होतं, आणि मी बसले नाही. याची रुखरुख जाणार नाही.

शेवटचे पेपर देऊन मी धुळ्याला आले तोवर अक्कांना जाऊन तीन आठवडे उलटले होते. अक्कांचे यजमान, नाना, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांना पाणी हातात मिळालेलं. ते पलंगाच्या कडेला बसले होते. "काहीच बोलत नाहीत," दीपक हळू आवाजात म्हणाला, "ताट पुढे ठेवलं तर जेवतात." सूनबाई पाणी आणायला उठली. मी तिला खुणेनं थांबवलं. नानांचे हात पाहिले. मांडीवर पडलेले, रुंद, न कापणारे. मग तोंड पाहिलं.

"नाना, पाणी द्याल का जरा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग एक झाकण पडलं. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. नाना आले ते काठोकाठ भरलेला तांब्या आणि अक्कांचा पेला घेऊन. मी पाणी संपवीपर्यंत समोर उभे राहिले.

"आखो आनू?" त्यांनी विचारलं.

मला तहान नव्हती. "आणा आणखी, नाना," मी म्हटलं.