उजव्या कानाचं वल्हं

"चाचा गेले, काका," एवढंच नसीम फोनवर म्हणाली... आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कोण चाचा?" तिला जन्मापासून एकच चाचा. इस्माईलभाई. सौदीतली माझी पहिली वर्षं मी ज्याच्या जिवावर काढली तो माणूस. कुवेतच्या हद्दीला लागून असलेल्या खफजीत मी तेल कंपनीचा स्टोअरकीपर आणि तो लाँचचा सारंग. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवायची, संध्याकाळी परत आणायची, हे त्याचं काम. नसीमचा बाप अन्वर, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, त्याच लाँचवर खलाशी. दाभोळकडची ही दोन भावंडं आणि मी, एका खोलीत राहायचो. आता लोक म्हणतात, वय झालं होतं, सुटला बिचारा. सुटला म्हणे! तो एक्क्याण्णव सालीच गेला होता, पुढची वर्षं नुसता जेवत होता.

इस्माईलभाईला एक खोड होती. गावाहून आणलेलं एक लाकडी वल्हं लाँचवर असायचं. इंजिन बंद करून तो त्याचं पातं पाण्यात सोडायचा, मूठ उजव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आमच्या किनाऱ्यावरचे जुने तांडेल असाच घोळ मासा शोधतात. घोळ पाण्याखाली घुमते आणि ते लाकडातून वर ऐकू येतं. आमचे जपानी इंजिनियर ओनोसाहेब एकदा लाँचवर होते, त्यांनी हे पाहिलं. ते गुडघ्यांवर बसले, स्वतःचा कान लावला आणि कितीतरी वेळ उठेचनात. पूर्वी ते जहाजं बांधायच्या गोदीत होते. त्यांच्या केबिनमध्ये एका करड्या युद्धनौकेचा फोटो होता. असागिरी जातीची विनाशिका, पाणबुड्यांच्या शिकारीसाठी बांधलेली. तसल्या आठ बहिणी आणि आठांची नावं धुक्यावरून ठेवलेली. कुणी सकाळचं धुकं, कुणी समुद्रावरचं. "हिच्या नाकाखाली असाच कान आहे," ओनोसाहेब म्हणाले. "पाणबुडी पाण्यात कितीही लपून फिरली तरी ती ऐकते." तो फोटो त्यांनी भिंतीवरून काढून इस्माईलभाईला देऊन टाकला. झालं! आमच्या खोलीत तो नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी लागला आणि इस्माईलभाईच्या डोक्यात हवा गेली. मी चिडवायचो, "तुला जपानच्या नौदलात घेतील बघ, कानासकट." तो गंभीरपणे म्हणायचा, "घेतील तर! माझा कान खोटा बोलत नाय."

कुवेतवरून लढाई सुरू झाली तशी खफजी रिकामी केली. ओनोसाहेब मायदेशी गेले. आम्ही तिघे रियाधला, सुलै भागातल्या कंपनीच्या गोदामात पत्र्याखाली येऊन पडलो. त्याच दिवसांत दाभोळहून निरोप आला, अन्वरला मुलगी झाली. पोरगा वेडा झाला नुसता. मला घरी जाऊ दे म्हणून भावाच्या मागे लागला. इस्माईलभाई म्हणाला, "थांब रे. जपान्यांचं तेल हाय हितं, ते काय गप बसतील? त्यांची ती जहाजं येतील, दर्या साफ करतील, महिन्याभरात काम चालू. आत्ता गेलास तर परत कोण बोलावतोय तुला?" मी तिथेच होतो. मीही म्हटलं, थांब. ती जहाजं काही आली नाहीत. त्या लढाईत जपानने एकही युद्धनौका पाठवली नाही. फोटोवर भरवसा ठेवून आम्ही एका बापाला अडवून ठेवलं.

लढाई खलास झाल्यावर आम्ही खफजीला परतलो. पाणी तेलाने काळं झालेलं. पाण्यात सुरुंग पेरलेत, दूर जाऊ नका, असं सगळे बजावत होते, पण फोरमनला धक्क्याजवळच्या तरंगत्या बोयाची साखळी शाबूत आहे का ते बघून हवं होतं. लाँच थोडी अलीकडे थांबवली. सामान बघायला मी होतोच. अन्वर साखळी ओढायचा लांब गळ घेऊन छोट्या होडीत उतरला. इस्माईलभाईने वल्हं पाण्यात सोडलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्याने हात केला, "खाली काय नाय. यल्ला, जा!" मूठ अजून कानालाच होती. स्फोट त्या लाकडातून त्याच्या डोक्यात शिरला. होडी गेली, अन्वर गेला, हाती काही लागलं नाही. इस्माईलभाईच्या उजव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला.

त्या उन्हाळ्यात जपानी बोटी आल्या. विनाशिका नव्हेत, सुरुंग काढणाऱ्या छोट्या बोटी. त्यासुद्धा लाकडाच्या! ओनोसाहेबही परतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुरुंगाला आवाज नसतो, इस्माईल. मी फक्त पाणबुड्यांचं सांगितलं. हे सांगायला हवं होतं." इस्माईलभाईने खोलीवर येऊन फोटो काढला आणि मला धरून म्हणाला, "पोरीला एवढंच सांग, स्फोट झाला. मी हात केला ते नको सांगू." मी शब्द दिला. त्याने लग्न केलं नाही, नसीमला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. तिच्यासमोर एकदाही अन्वरचं नाव काढलं नाही.

परवा चाळिसाव्याला दाभोळला गेलो. नसीमने वल्हं पुढे आणलं. "काका, रोज सकाळी चाचा हे खाडीत सोडून उजवा कान लावून बसायचे. पोरं हसायची. त्या कानाने तर त्यांना काहीच ऐकू यायचं नाही. काय ऐकत होते हो?"

मी म्हटलं, "घोळ."

तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून शब्द मोडून इथे लिहितोय. नसीम, तुझ्या अब्बांना 'जा' म्हणून हात चाचाने केला. त्याआधी 'थांब' म्हणणाऱ्यांत मीही होतो. तू दिलेलं वल्हं माझ्या दाराआड उभं आहे. मूठ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली आहे. हे वाचूनही तुला ते परत हवं असेल तर येऊन घेऊन जा. मी अजून त्याला कान लावलेला नाही.