कानापर्यंत न पोचलेला हात

मूल शाळेत घालायच्या वयाचं झालं की नाही, हे आमच्याकडं फार वर्षं कागदावरून ठरत नव्हतं. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं, घाला नाव पटावर. नाही लागली तर पुढच्या जूनला या. निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत मी नोकरी काढली, शेवटी शेवटी मुख्याध्यापिका झाले, आणि असे किती कान बघितले त्याला गणती नाही. जन्माचा दाखला क्वचित कुणाकडं असायचा. मग मी सरसकट एक जून ही तारीख टाकायचे. माझं अक्षर वळणदार होतं आणि त्याचा मला तोराही होता.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिला तिची आई घेऊन आली त्या वर्षी पहिलीत एक नाव कमी पडत होतं. तेवढं भरलं नाही तर वर्ग बंद होणार होता. आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप आणि पायात घुटमळणारी पोर, त्यात तिचं काम उरकत नव्हतं. तिलाही घाई, मलाही घाई. पोरगी तंबाखूच्या कापणीत, माघात जन्मलेली, म्हणजे पाच वर्षं आणि चार महिन्यांची. तिनं हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या चांगली दोन बोटं वर राहिली.

मी तिचं डोकं धरून हलकेच वाकवलं आणि तिची बोटं ओढून कानाला टेकवली. "पोचला की गं!" म्हणाले. आई हसली, पोरगी हसली. मी रजिस्टरात एक जून लिहिलं आणि सहा वर्षं पूर्ण होतील असं साल टाकलं. कागदावर पोर आठ महिन्यांनी मोठी झाली. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मला वाटलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते माझ्या मनातही आलं नाही.

मी निवृत्त होऊन बेळगावात मुलाकडं राहायला आले. गणपतीचे दिवस संपले होते. एका सकाळी दारात एक बाई उभी. मी ओळखलं नाही. तिनं पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला. खाली माझी सही.

"बाई, पोरीला जेलात घातल्यात," ती म्हणाली. "बायकांच्या. मोठ्या बायकांच्यात."

मुलगी दहावीनंतर बेळगावच्याच कॅम्प भागातल्या एका घरी कामाला राहिली होती. त्या घरातल्या बांगड्या गेल्या आणि पोलिसांनी हिला उचललं. तिनं घेतल्या असतील किंवा नसतील. लोक मला आजही पहिल्यांदा तेच विचारतात आणि माझं डोकं फिरतं. अठराच्या आतल्या मुलानं चोरी केली तरी त्याला कोठडीत ठेवायचं नाही, जेलात तर नाहीच. बेड्या नाहीत, समोर वर्दीतला पोलीस नाही, नाव-फोटो कुठं छापायचा नाही. ठेवायचंच झालं तर मुलींच्या निरीक्षणगृहात. कायदा चोरी केली की नाही हे नंतर बघतो, आधी वय बघतो. आणि वयासाठी सगळ्यात आधी शाळेचा कागद बघतो. शाळेच्या कागदावर ती अठरा वर्षं तीन महिन्यांची होती. आधार कार्डही त्याच दाखल्यावरून निघालेलं. खरी ती साडेसतराची होती.

"तवा तुमीच लिव्हलासा न्हवं?" आईनं विचारलं. "मग तुमीच सांगा की कोर्टात, चुकलं म्हनून."

तिच्या आवाजात राग नव्हता. नळाला पाणी आलं नाही तर ज्याच्या हाती चावी असते त्याला सांगतात, तशी ती सांगत होती. मी "बघू" म्हणाले. चहा केला. ती चहा न पिता गेली.

दोन दिवसांनी सरकारतर्फे फुकट मिळालेली वकील आली, शहापूरच्या विणकराच्या घरातली, कोवळी पोरगी. तिनं सरळ सांगितलं, "मॅडम, जन्म घरी झालाय, नोंद कुठंच नाही. जामीन मिळाला तरी हमी राहायला यांच्याकडं जमिनीचा उतारा नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्र दिलं तरच काही होईल."

मी तिला विचार करते म्हणाले. आणि तीन आठवडे विचार केला! पेन्शन थांबेल का, इतक्या वर्षांच्या नोंदी उकरतील का, लोक काय म्हणतील. स्वतःला सांगितलं की मराठी शाळेला बोट दाखवायला निमित्त मिळेल. वास्तविक ती शाळा चार वर्षांपूर्वीच पोरांअभावी दुसरीत विलीन झाली होती. वर्ग वाचवायला मी जे केलं त्यातून वर्गही उरला नव्हता. मग मी घाबरत होते ती फक्त माझ्या नावासाठी. हे दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

तीन आठवड्यांनी वकिलीणबाईंचा फोन आला. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून केस कापलेत, ती आईशीही बोलत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

साक्षीचा दिवस दिवाळीनंतर निघाला. रजिस्टर त्या दुसऱ्या शाळेच्या कपाटातून आणलं होतं. पान उघडलं तर शाई अजून काळीभोर. न्यायाधीश कन्नडात विचारत होते, मी कन्नडात सांगत होते. त्यांनी विचारलं, हे अक्षर तुमचं? मी हो म्हणाले. मग म्हणाले, तेव्हा खोटं लिहिलंत, आज खरं बोलताय हे कशावरून धरायचं?

मी कानाची गोष्ट सांगितली. भर कोर्टात, साठी उलटलेली बाई, स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन दाखवत होते. बोटं कुठं थांबली, डोकं कसं वाकवलं, सगळं. मागं कुणीतरी हसलं. मुलगी दोन महिला पोलिसांच्या मध्ये उभी होती. केस मुलांसारखे बारीक, कान उघडे पडलेले. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

नोंद करणारीच नोंद नाकारतेय म्हणून कोर्टानं वय ठरवायला हाडांची तपासणी सांगितली. डॉक्टरांनी लिहिलं, सतरा ते एकोणीस. शंकेचा फायदा मुलीला. घटनेच्या दिवशी ती बालक होती, असा हुकूम झाला तेव्हा थंडी पडली होती. कुणी तिला अटकेच्या दिवशीच नीट विचारलं असतं, किंवा मी ते तीन आठवडे गिळले नसते, तर हे कितीतरी आधी झालं असतं. वकिलीणबाई म्हणाल्या, आता तिची नोंदही पुढं पुसली जाईल. पण पकडलं त्याच दिवशी तिचा फोटो नावासकट गावच्या व्हॉट्सॲपवर फिरला होता. तो पुसायचा हुकूम कुणी, कुणाला द्यायचा?

चोरीची सुनावणी आता बालन्याय मंडळापुढं व्हायची होती; तोवर तिला निरीक्षणगृहात नेणार, त्या सकाळी मी कोर्टाच्या व्हरांड्यात थांबले. या वेळी सोबतची पोलीस बाई साध्या साडीत होती. कायद्याप्रमाणे. आई बाकावर बसून डबा हातात धरून होती. मी मुलीसमोर गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले.

किती महिन्यांनी ती बोलली ते आईलाच ठाऊक. आधी तिनं उजवा हात वर उचलला, त्या बारीक केसांवरून पलीकडं नेला आणि डावा कान सगळाच्या सगळा मुठीत धरला.

"आता पोचतोय बगा, बाई," ती म्हणाली. मग हात खाली घेतला. "तवा पोचत न्हवता. तवा मला घरला धाडायचं व्हतं."

आई डबा घेऊन उठली, आणि पोलीस बाईनं पोरीला गाडीकडं नेलं.