सत्काराची शाल

सेवा क्लबाच्या साप्ताहिक बैठकीत त्या दिवशी एका मासेवालीचा सत्कार होता. मी क्लबाची सचिव, म्हणजे त्या काळातली गडचांदूरची सर्वांत शहाणी बाई. घंटा झाली, वाढदिवसांची गाणी झाली. मग तिचं नावही न विचारता मी कष्टकरी स्त्रीवर पाऊण तास बोलले. तिची नजर दाराशी ठेवलेल्या टोपलीवरच होती.

शेवटी ती म्हणाली, "बाई, मासोळ्या वास मारून राह्यल्या. बाजार उठला तर घेईन कोण? तुमचं आटपते का नाई?"

मी घाईनं तिला शाल पांघरली. रेशमी, माझ्याच पसंतीची. तिनं ती माठातल्या पाण्यानं चिंब भिजवली, मासोळ्यांवर झाकली आणि टोपली उचलून बाजाराकडे निघाली.

क्लबानं पुष्कळ शाली वाटल्या. कामी आलेली तेवढी एकच पाहिली.